मिरगाच्या आधी घराकडे बघा



रोहिण्या निघाल्या की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दोन कामांची घाई उडते. एक शेतातली आणि दुसरी घरावरची. शेतातल्या कामाबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. घराबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पहिला पाऊस पडतो, चुलीजवळ टोपले ठेवावे लागते, पोरांच्या वह्या भिजतात आणि मग धावपळ सुरू होते. त्या दिवशी गावातला मिस्त्री सापडत नाही. सापडला तर त्याची आणि त्याच्या हाताखालच्या माणसाची रोजी ऐकून आपण गप्प बसतो. बचत गटाचे कर्ज काढून पत्रे बदलणारी कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत. त्यातली अर्धी गळती चार वायसर बदलून थांबली असती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मनाला टोचणारी गोष्ट दुसरीच आहे. आपल्या वस्तीतली कितीतरी माणसे पुण्याला, सुरतला बांधकामावर जातात. दहा-दहा मजल्यांवर माल कालवतात, विटा वाहतात, सळया बांधतात. दिवाळीला घरी येतात तेव्हा त्यांच्याच घराच्या भिंतीचा गिलावा गळून पडलेला असतो. हाताला काम येते, पण ते दुसऱ्याच्या घरासाठी. तेव्हा यंदा हा विषय सविस्तर घ्यावा असे आम्ही ठरवले.

आधी विनयपिटकातली एक हकिकत सांगतो. चुल्लवग्गाच्या सेनासन खंधकात ती आली आहे. वैशालीत एक गरीब शिंपी राहत होता. लोक भिक्खूसंघासाठी विहार बांधतात, तसा आपणही बांधावा असे त्याला वाटले. त्याने स्वतः चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. पण त्या कामाची माहिती नसल्याने भिंत वाकडी झाली आणि कोसळली. दुसऱ्यांदा बांधली, कोसळली. तिसऱ्यांदाही तेच झाले. तेव्हा तो चिडला. जे दान देतात त्यांच्या बांधकामावर भिक्खू देखरेख करतात, मी गरीब म्हणून मला कोणी सांगायला येत नाही, असे तो उघड बोलू लागला. ही तक्रार भगवान बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. तुझे काम नव्हते तर हात कशाला घातलास, असेही विचारले नाही. बांधकामावर एक जाणता भिक्खू नेमून द्यावा असा नियम त्यांनी केला. त्याला नवकम्म म्हणतात. काम लवकर पुरे करून घेणे आणि मोडले-फुटले असेल ते दुरुस्त करणे, हे त्या भिक्खूचे कर्तव्य ठरले.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिंप्याची अडचण आजच्या घरकुलवाल्याची आहे. पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे असे ठरले. त्याला रोजगार हमीतून ९० दिवसांच्या मजुरीची जोड होती. ठेकेदाराऐवजी लाभार्थ्यानेच घर उभे करावे, ही योजनेतलीच अट होती. अट चांगली आहे. पण पैसा हप्त्याने हातात आला तरी ओळंबा कसा धरायचा हे हप्त्याबरोबर येत नाही. आणि घर उभे राहिल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे त्याची डागडुजी कोणी करायची, याचा तर कागदावर कुठे रकानाच नाही.

आता कामाकडे वळू. पहिले पत्रे.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी वावधन सुटते आणि कुणाच्या तरी घरावरची टिने उडून दुसऱ्याच्या वावरात पडतात. त्यावर उपाय म्हणून लोक पत्र्यावर दगड ठेवतात. हा उपाय नव्हे, धोका आहे. पत्रा उचलला की तो दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, खालून उचलतो आणि वरून ओढतो. ही ओढ मधल्या भागापेक्षा कडेला, वळचणीला आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त असते. म्हणून हुक कमी असतील तर मधले राहू द्या, कडेच्या ओळीत आधी वाढवा. हुक किंवा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, नाळीत नाही. नाळीतून पाणी वाहते, तिथे पाडलेले छिद्र आज ना उद्या गळणारच. खाली रबरी किंवा डांबरी वायसर हवाच. जुना वायसर उन्हाने कडक होऊन तडकलेला असतो. तो बदलला की बऱ्याच घरांची गळती तिथेच थांबते. दोन पत्र्यांचा जोड आडवा असेल तर दीड ते दोन नाळ्या एकमेकांवर चढल्या पाहिजेत, उभ्या जोडात वीतभर.

आणखी एक गोष्ट कोणी तपासत नाही. ज्या लोखंडी पाइपांवर पत्रे बसवलेले असतात, ते पाइप भिंतीला कशाने धरलेले आहेत? बहुतेक घरांत वरच्या एका विटेच्या थराखाली ते नुसते ठेवलेले असतात. मग पत्रा पाइपाला कितीही घट्ट असला तरी सगळा सांगाडाच विटांसकट उचलला जातो. भिंतीत दोन-तीन फूट खोल सळई गाडून तिने पाइप आवळला पाहिजे. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण मिस्त्रीला विचारून करावे.

पत्र्यावर चढायचे ते सकाळी, वारा नसताना. पाय खिळ्यांच्या ओळीवर, म्हणजे खाली पाइप आहे तिथेच टाकायचा. शिडी चार फूट उंच जात असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर, या मापाने लावायची आणि खाली एकाने धरून उभे राहायचे. घरावरून विजेची सर्व्हिस वायर गेली असेल तर तिच्या जवळ पत्रा उचलायचाच नाही. सिमेंटचे जुने पत्रे असतील त्यांनी तर विशेष जपावे. त्यात अॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. असा पत्रा फोडू नये, कोरडा कापू नये. ओला करून, नटबोल्ट सोडवून सबंध उतरवावा. त्याचे तुकडे करून अंगणात भर टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तिथेच मुले खेळतात.

आता भिंती. आपल्या जिल्ह्याचे यात दोन भाग पडतात. घाटावरची माणसे आणि घाटाखालची माणसे यांची घरे वेगळ्या कारणांनी खराब होतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतली पूर्णेकाठची गावे खारपाण पट्ट्यात येतात. तिथले भूगर्भातले पाणी खारे. त्या पाण्याने माणसांच्या मूत्रपिंडांचे काय झाले हे आपण जाणतो. मग त्याच पाण्यात कालवलेल्या काँक्रीटमधल्या लोखंडाचे काय होत असेल? लोखंड गंजते, गंज फुगतो, आणि स्लॅबच्या खालचा थर पापुद्र्यासारखा सुटून पडतो. भारतीय मानकाप्रमाणे लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. लोखंड नसेल तिथे २००० पर्यंत चालते. म्हणजे काय, तर स्लॅब, बीम, कॉलम, लिंटेल यासाठी गोडे पाणी टँकरने आणावे लागले तरी आणा. पैसा वाचवायचा तर दुसरीकडे वाचवा. पावसाळ्यात पत्र्याचे पाणी टाकीत साठवून पुढे बांधकामाला वापरता येते. स्लॅबचे गज उघडे पडले असतील तर वरून नुसते सिमेंट थापू नका. आत गंज चालूच राहतो आणि थापलेला गोळा डोक्यावर पडतो. गज बारीक झाले असतील तर पंचायत समितीच्या अभियंत्याला दाखवा. ते घरच्या थापीचे काम नाही.

भिंतीला लोणा लागतो त्याचेही कारण हेच. जमिनीतले खारे पाणी विटेतून वर चढते, पृष्ठभागावर येऊन वाळते, आणि मागे राहिलेले मीठ गिलाव्याला आतून फोडते. आपण काय करतो? पुट्टी मारतो, ऑइल पेंट लावतो किंवा कडक सिमेंटचा गिलावा चढवतो. पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही, ते आणखी वर चढते. यंदा गुडघ्यापर्यंत असलेला लोणा पुढच्या वर्षी कमरेला येतो. खरा उपाय बाहेरून सुरू होतो. न्हाणीचे पाणी, मोरीचे पाणी, वळचणीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरते का ते बघा. भिंतीपासून बाहेर उतार देऊन दोन-तीन फुटांची फरशी किंवा मुरमाची पट्टी करा, पाणी शोषखड्ड्यात न्या. मग खराब गिलावा लोण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरडून काढा. मीठ कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, धुतले की ते परत आत जाते. भिंत काही आठवडे उघडी वाळू द्या. नंतर चुन्याचा गिलावा द्या, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. लोणा पूर्ण जाईल असे आम्ही म्हणणार नाही, पण दहा वर्षे भिंत टिकेल.

काळ्या मातीवरच्या घरांचे दुखणे वेगळे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून मे महिन्यात भिंतीला भेग दिसते आणि श्रावणात ती मिटलेली असते. भेग दिसली की घाबरून लगेच माल भरायला जाऊ नये. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवा. पट्टी वर्षभर साबूत राहिली तर भेग जुनी, मेलेली आहे, खुशाल भरा. पट्टी फुटली तर घर अजून हलते आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि करंगळी जाईल एवढी भेग असेल तर काचेचीही वाट बघू नका, जाणकाराला बोलवा.

इथे एक नाजूक गोष्ट सांगून टाकतो. भिंतीच्या सांदीत पिंपळाचे रोप उगवते आणि आपल्या माणसांच्या हाताने ते उपटवत नाही. भावना आम्हाला समजते. पण त्याची मुळी भिंत फोडते. बोटभर असतानाच ते मुळासकट अलगद काढा आणि विहाराच्या आवारात लावा. तिथे त्याला वाढायला जागाही मिळेल.

गिलाव्याचा हिशेब आम्ही कारकून असल्यामुळे मांडल्याशिवाय राहवत नाही. सिमेंटची ५० किलोची एक बॅग म्हणजे सुमारे ३५ लिटर, सव्वा घनफूट. दहा बाय दहाची भिंत १२ मिलिमीटर जाडीने करायची तर एकास सहा प्रमाणात अर्ध्या बॅगेहून थोडे जास्त सिमेंट लागते. म्हणजे एका भिंतीसाठी दोन बॅगा सांगणाऱ्याला दुसरी कशासाठी, हे विचारायला हरकत नाही. उरलेली बॅग ठेवून देऊ असे कोणी म्हणेल. सिमेंट तीन महिन्यांत सुमारे एक पंचमांश ताकद गमावते, पावसाळी हवेत अधिकच. बॅगेवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचून घ्या. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून पुन्हा हलवणे ही सर्रास सवय आहे, ती मोडा. आणि पाणी मारणे! नवा गिलावा, नवा स्लॅब किमान ७ दिवस, आणि हल्ली मिळणारे राखमिश्रित सिमेंट असेल तर १० दिवस ओला राहिला पाहिजे. या कामाला मिस्त्री लागत नाही, पैसा लागत नाही, घरातले शाळकरी पोरही करू शकते. तरीही बहुतेक घरकुले इथेच कमजोर राहतात.

धाब्याची घरे आता कमी झाली, पण मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडे अजून दिसतात. उन्हाळ्यात त्यांच्यासारखा गारवा स्लॅबमध्ये नाही, हे मान्य. पण दरवर्षी जुनी माती न काढता वर नवी पांढरी माती टाकण्याची चाल घातक आहे. हिशेब करा. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे १०० घनफूट, वजन चार-साडेचार टन. भिजल्यावर आणखी जास्त. हे ओझे किडलेल्या लाकडांवर आणि मातीत रचलेल्या दगडांवर उभे असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले त्याचे एक मोठे कारण हेच होते. धरणीकंपाचा धक्का ६.२ ते ६.४ तीव्रतेचा, जगात याहून मोठे धक्के होतात. पण लातूर-उस्मानाबादेत जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, भिंती मधून फाटल्या.

त्यानंतरची हकिकत मात्र फार थोड्यांना माहीत असते. पार कोसळलेली गावे सरकारने नव्याने वसवली. पण ज्यांची घरे तडकली होती, उभी होती, अशा हजाराहून अधिक गावांत १९९४ पासून वेगळी पद्धत वापरली गेली. मदत घरमालकाला दिली आणि दुरुस्ती त्यानेच करायची किंवा आपल्या देखरेखीखाली करून घ्यायची. छपरावरची जादा माती उतरवायची. भिंतीत आरपार भोक पाडून त्यात आकड्यासारखी वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही थर शिवल्यासारखे होतात. लाकडी खांब आणि तुळई यांच्या काटकोनात तिरपे टेकू मारायचे. ही काही परदेशी विद्या नव्हे. गावच्या मिस्त्र्यांना शिकवले, त्यांनी ती केली. आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या गेल्या. काम कसे व्हायला हवे हे त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावत, हप्ता अडला तर अधिकाऱ्याला विचारत, कच्चे काम दिसले तर बोट ठेवत. ज्या बाईने कधी मिस्त्रीशी तोंड वर करून बोलायचे नाही, तिनेच त्याला सळई कुठे बसवली ते दाखव म्हणायचे! वैशालीच्या शिंप्याला जे हवे होते, ते हेच.

आमच्या भगिनींनी याची नोंद घ्यावी. बांधकामावर बाई डोक्यावर घमेले वाहते, वीस-वीस वर्षे वाहते, पण तिच्या हातात थापी कोणी देत नाही. घर सारवणारा, पोतेरे फिरवणारा, भिंतीची पोपडी बोटाने ओळखणारा हात तिचाच असतो. गिलाव्याचा हात त्याहून फार वेगळा नाही. निदान स्वतःच्या घरात तरी सुरुवात करायला कोणाची परवानगी लागू नये.

विजेबद्दल थोडक्यात, पण कडक शब्दांत सांगतो. बल्ब, ट्यूब बदलणे एवढेच आपले. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे, विशेषतः लहान मुले जातात. लोखंडी कूलर, ओली जमीन, अनवाणी पाय आणि दोन पिनांचा प्लग, इतके पुरते. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग हवी. पाणी भरताना बटन बंद करून चालत नाही, प्लग काढायचा. मेन स्विचजवळ ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. त्याची किंमत घरात मोबाइलवर होणाऱ्या खर्चापुढे काहीच नाही.

काही मिस्त्री बांधव आम्हाला म्हणतील की तुम्ही आमच्या पोटावर पाय देता. तसे नाही. पाया, स्लॅब, कॉलम, जिना ही कामे मिस्त्रीचीच आहेत आणि त्याला पूर्ण रोजी देऊनच करून घ्यावीत. घासाघीस करून त्याचा अर्धा दिवस कापणाऱ्याला आमचा पाठिंबा नाही. मिस्त्री बहुधा आपलाच भाऊ असतो. पण नळाचा दहा रुपयांचा वायसर, दाराची बिजागरी, फरशीच्या सांधा, घराला चुना, यासाठी त्याची वाट बघण्यात त्याचाही फायदा नाही. चुन्यावरून आठवले. कळीचा चुना विरवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. तो उसळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा लावूनच करा, मुलांना दूर ठेवा. हाच चुना गाळून स्लॅबवर दोन हात दिला तर ऊन परतते आणि खोली बरीच निवते.

आपल्याकडे शेतात सावड असते. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. घराच्या कामाला ती का नसावी? जी माणसे पुण्या-सुरतला बांधकामावर जातात ती मे महिन्यात लग्नसराईसाठी गावी येतात. त्यांच्यापैकी एकाने एका रविवारी विहारासमोर ओळंबा, रंधा, पाण्याच्या नळीची लेव्हल कशी धरतात ते दाखवावे. विहाराच्या संरक्षक भिंतीचा थोडा गिलावा सरावासाठी वापरायला हरकत नसावी. थापी, ओळंबा, लेव्हलची नळी, छन्नी-हातोडी, पाने आणि एक चांगली शिडी एवढे सामान वर्गणीतून घेऊन विहारात ठेवता येईल. एका वहीत नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख असे तीन रकाने आखावेत. चौथा रकाना ‘सामान धुऊन दिले का’ असा ठेवावा, कारण थापीवर वाळलेला माल दुसऱ्या दिवशी छन्नीने काढावा लागतो आणि मग तिची धार राहत नाही.